तातेरावांच्या नातवाला मुंगी लागत नाही

आमच्या गावात मोठेपणा मोजायच्या दोनच रीती होत्या. एक, दावणीला बैल किती. आणि दुसरी, घरात साखरेचा आजार आहे की नाही. बैल तसे चार-दोन घरांत होते. आजार मात्र एकट्या तातेरावांकडे. पुसेगावपासून सेनगावपर्यंत दुसऱ्या कुणाला तो झाल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि झाला असता तर तातेरावांना ते खपलंही नसतं. "ह्यो राजरोग हाय," ते संध्याकाळी ओट्यावर बसून सांगत, "भाकर-ठेचा खाणाराला होत न्हाई." समोर बसलेले आम्ही सगळे भाकर-ठेचा खाणारे. आम्ही माना डोलवायचो, कारण तंबाखू त्यांची असायची.

निजामाच्या त्या दिवसांत रक्तातली साखर तपासायचं यंत्र आमच्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं. तातेरावांचं यंत्र म्हणजे मुंग्या. सकाळी ते गोठ्यामागं लघवी करून उठले की थोड्याच वेळात तिथं मुंग्यांची रांग लागायची. साखर असल्याशिवाय मुंगी कशाला येईल? पाव्हणा आला की तातेराव त्याला आधी पाणी देत, मग मुंग्या दाखवत. सोयरीक जुळवायला आलेल्या लोकांनाही दाखवल्याचं मला ठाऊक आहे.

वरवर अशी मिरवामिरव चालली तरी माणूस आतून भ्यालेला होता. त्यांच्या वडिलांचा पाय याच आजारानं अंगठ्यापासून नासत वर गेला होता. ते ओरडत गेले तेव्हा तातेराव उशाशी बसलेले होते. ते आठवलं की ओट्यावरचा त्यांचा मोठा आवाज एकदम खाली यायचा आणि ते गुडमाराच्या काढ्याची वाटी मागवायचे.

गुडमार म्हणजे डोंगरातला एक वेल. तांड्यावरचा भीमसिंग त्याची पानं आणून द्यायचा. त्याचा गुण नावातच आला. पान चावलं की बराच वेळ जिभेवर गूळ ठेवा नाहीतर माती ठेवा, चव एकच. एका वैदूनं तातेरावांना नियम घालून दिला होता की दुपारच्या जेवणानंतर काही खायचं नाही, दिवस मावळताना काढा घ्यायचा आणि पुन्हा उजाडेपर्यंत तोंडाला कुलूप लावायचं. तातेराव नियमाचे पक्के. फक्त दूध हे काही खाणं नव्हे, असं त्यांचं मत होतं. दुधात कुस्करलेली भाकर ही दुधातच मोजली जायची.

घरात माणसं मोजकी. बायको वारलेली. मुलगा ग्यानबा इतका गरीब की बापासमोर जांभई आली तरी मागच्या दारी जाऊन द्यायचा. सून सुमनबाई. आणि नातू संतराम, सहा वर्षांचा, त्याला सगळे संतू म्हणत. तातेरावांचा जीव की प्राण. तो आजोबांच्या ताटात जेवायचा, आजोबांच्याच घोंगडीत झोपायचा. बाहेरच्या सोप्यात आजोबांचं अंथरूण असे, आणि तिथं सुनेनं पाऊल टाकायचं नसे.

इथं आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. सून सासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर येतही नाही. काही सांगायचंच झालं तर सासूच्या तोंडून सांगते, आणि सासू नसेल तर दारामागं उभी राहून गोठ्यातल्या जनावराला सांगते. "चांदे, घरातलं मीठ सरलं गं," असं सुमनबाई कालवडीला मोठ्यानं सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी मीठ यायचं. सोय तशी नामी होती. त्यात खोट एवढीच, की मिठाचं बोलणं सासऱ्याला ऐकू यायचं आणि न रुचणारं बोलणं एकट्या कालवडीला.

तर झालं असं, की दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी संतू गोठ्यामागं लघवी करून पळाला आणि तातेरावांना तिथं मुंगी दिसली. एकच. बिचारी आजोबांच्या रांगेतून वाट चुकून शेजारी डोकावली असेल. पण तातेरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या डोळ्यांसमोर वडिलांचा पाय उभा राहिला. त्या संध्याकाळपासून नातवालाही काढा सुरू झाला. पोर कडू म्हणून तोंड फिरवी, तर आजोबा मांडीवर घेऊन, गोंजारून, वेळ पडली तर नाक दाबून पाजत. वैदूचा नियम नातवाला पुरता लागू होता, कारण दुधाबद्दलचं मत तातेरावांनी स्वतःपुरतं राखून ठेवलं होतं. सुमनबाईनं एकदा पोराच्या कुडत्यात भाकरीचा तुकडा लपवून दिला. तो सापडला, आणि बोलणी ग्यानबानं खाल्ली.

रोज सकाळी तातेराव गोठ्यामागं वाकून बघत. नातवाच्या जागेवर मुंगी नाही. ओट्यावर येऊन ते आम्हाला समाधानानं सांगत, "पोराला मुंगी लागत न्हाई आता." आम्ही माना डोलवायचो.

दिवाळीच्या आत संतूला झटके सुरू झाले. पहाटे हाक मारावी तर उठेना. अंग घामानं चिंब, हातपाय गार, डोळे उघडे पण ओळख नाही. काहीबाही बरळायचा. एका पहाटे दातखीळ बसली, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि पोर हातपाय झाडायला लागलं. सुमनबाईनं त्या दिवशी फोडलेला टाहो आम्ही आमच्या घरात ऐकला.

लगेच तपास सुरू झाला. तपास करण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. विहीर बाटली असेल म्हणून पाणी बदललं. चिंचेखालून जाणं बंद झालं. शेजारच्या आशाबाईनं कधीतरी "पोरगं मोठं देखणं हाय" असं म्हटलं होतं, तिला गल्ली बदलून पाण्याला जावं लागलं. पोर संध्याकाळी काय खातं हे मात्र कुणी विचारलं नाही. तातेरावांच्या घरात काय खातात हा कधी विचारायचा प्रश्न असतो काय?

मग देवऋषी आला. कनेरगाव नाक्यावरून, इंग्रजी मुलखाच्या हद्दीवरून, म्हणजे लांबचा आणि म्हणून चांगला. त्यानं अंगारा दिला आणि तो गुळाच्या पाण्यात कालवून पोराला पाजायला सांगितलं. दुसऱ्या पहाटे झटका आला, ग्यानबानं पोराला आत नेलं, सुमनबाईनं पाणी चमचा-चमचा ओठांत सोडलं, आणि जरा वेळानं पोर उठून बसलं, म्हणालं, "आई, भूक लागली." गावात जयजयकार झाला. अंगाऱ्याचा. गुळाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण गूळ तर घरचाच होता.

गूळ मात्र एक घोळ करून राहिला होता. सकाळी मिटक्या मारत अंगाऱ्याचा गूळ खाणारं हेच पोर संध्याकाळी तोच गूळ दिला की थुंकून टाकायचं. "माती हाय," म्हणायचं. देवऋषीनं त्याचाही उलगडा केला. आत शिरलेलं भूत वऱ्हाडातलं आहे, त्याला तिखट लागतं, गोड चालत नाही. हद्दीपलीकडच्या भुताची एवढी माहिती हद्दीवरच्या माणसालाच असणार, हे आम्हाला पटलं.

न पटलेली एकटी सुमनबाई. मधेच तातेराव एका सोयऱ्याच्या लग्नाला सेनगावला गेले आणि मुक्कामाला राहिले. तेवढे दिवस संतू आईच्या कुशीत, पोटभर जेवून झोपला, आणि पहाटे कुणी उठवायच्या आत कोंबड्यांमागं धावत सुटला. तातेराव परतले, काढा परतला, आणि झटकाही परतला. तिनं हे ग्यानबाला सांगितलं. ग्यानबा म्हणाला, बघू. त्याची सगळी हयात त्या एका शब्दात मावत होती.

मग तिनं कालवडीला सांगितलं. दारामागून, आम्ही सगळे ओट्यावर असताना, स्वच्छ आवाजात: "चांदे, माझ्या लेकराला राती काढा मिळतो, भाकर मिळत न्हाई गं. उपाशी लेकरू पहाटे कसं उठंल?"

तातेरावांनी पान जुळवलं, चुना लावला, आणि ग्यानबाला म्हणाले, "त्या कालवडीला चारा टाक. लई हंबरून राहिली." कालवड मुकाट उभी होती. आम्ही मात्र हसलो.

पुढं देवीच्या लशीचा दौरा करत एक सरकारी डॉक्टर गावात मुक्कामाला उतरले. तरणे होते, हैदराबादेत शिकून आलेले, आणि आमच्याकडच्या खरूज-नायट्याला पार कंटाळलेले. तातेरावांनी हात जोडून त्यांना घरी आणलं. पहाटे त्यांनी झटका डोळ्यांनी पाहिला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांच्या घरी पाळणा हलला. त्यांनी संतूच्या दंडातून रक्त काढलं, नासू नये म्हणून शिशीत कसलीशी पांढरी पूड टाकली, आणि शिशी माणसाबरोबर हिंगोलीला, तिथून रेल्वेनं हैदराबादला धाडली. शिरेत काहीतरी गोड औषध टोचलं. पोर शुद्धीवर आलं.

नंतर सोप्यात बसून त्यांनी चौकशी केली. बच्चा रात को क्या खाता है?

तातेरावांची मान ताठ झाली. भरल्या घरातलं पोर उपाशी झोपतं हे परक्या माणसासमोर कबूल करायचं? तूप, दूध, शिरा, पुरणाची पोळी, असं काय काय त्यांनी सांगितलं. त्यातलं निम्मं आमच्या गावानं दिवाळीलासुद्धा पाहिलं नव्हतं. कुछ दवा? न्हाई, औषध कसलंच न्हाई. यात त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. औषध आजाऱ्याला देतात. काढा तर पोर आजारी पडू नये म्हणून होता.

दारामागं बांगड्या वाजल्या. पुन्हा वाजल्या. मग दाराची कडी वाजली. डॉक्टर वैतागून म्हणाले की जरा शांती ठेवायला सांगा, तकलीफ होते. ग्यानबानं उठून दार लोटून घेतलं. घरात खरं काय ते जिला माहीत होतं तिचा बंदोबस्त झाला आणि चौकशी नीट पार पडली.

काही दिवसांनी हैदराबादेचा निकाल घेऊन डॉक्टर परत आले. म्हणाले, "शक्कर एकदम कम. इतनी कम मैंने कभी देखी नहीं."

पुढचं तातेरावांनी ऐकलंच नाही. ते उठले, देवापुढं नारळ फोडला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साखर नाही! हैदराबादेनंच सांगितलं! मुंग्यांचं म्हणणं सरकारनं खरं केलं! त्यांनी गावभर साखर वाटली. नातवाच्या अंगात साखर नाही या आनंदात आम्ही सगळ्यांनी मुठी भरभरून साखर खाल्ली. संतूला दिली नाही. आणि उपाय बराबर लागू पडलाय तर ढिलाई कशाला, म्हणून त्या संध्याकाळी वाटी थोडी मोठी झाली.

पहाटे संतूला असा झटका आला की गुळाचं पाणी घशाखाली उतरेना. डॉक्टर मुक्कामाला होते म्हणून पोर राहिलं. आता मात्र त्यांनी तातेरावांना समोर बसवून समजावलं. साखर असणं वाईट तसं नसणंही वाईट. असंच चाललं तर एका पहाटे हे लेकरू उठणार नाही. खायला घरात एवढं आहे, औषध काही नाही, तेव्हा एकच कारण उरतं. पोटात साखर खाणारी गाठ आहे. विलायतेत अशा गाठी मोठ्या माणसांत थोड्या सापडल्यात, एवढ्या लहान पोरात त्यांनी तरी वाचलेली नव्हती. हैदराबादला नेऊन पोट उघडावं लागेल. वाचेल? डॉक्टरांनी वर आढ्याकडं पाहिलं आणि कोशिश करू म्हणाले. पण त्यांचे डोळे चमकत होते. खरूज-नायट्यातून सुटायची वाट त्यांना संतूच्या पोटातून दिसत होती.

तातेराव घाबरले, हे खरं. रात्रभर नातवाच्या अंगावरून हात फिरवत बसले होते म्हणे. पण सकाळी ओट्यावर येईपर्यंत त्यांनी स्वतःला सावरलं आणि आम्हाला सांगितलं, की आपला रोग तर नुसता राजाचा, नातवाला थेट विलायती झालाय.

निघायच्या दिवशी सगळं गाव जमलं. गाडी जुंपलेली, तातेराव फेटा बांधून तयार, डॉक्टर पेटी घेऊन पुढं बसलेले. संतूला नवं कुडतं घातलं होतं आणि तो बैलांच्या घुंगरांशी खेळत होता. आपलं पोट फाडायचंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

परगावी निघालेल्याच्या हातावर घरच्या बाईनं दही-साखर घालायची असते. घरात बाई एकच. म्हणून सासरा समोर असूनही सुमनबाई त्या दिवशी तबक घेऊन दारात आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. तबकात दही होतं, साखर होती, आणि आदल्या संध्याकाळच्या काढ्याची वाटी होती.

ती गाडीजवळ आली. संतूजवळ गेली नाही. तातेरावांसमोर उभी राहिली. गोठ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मामंजी," ती म्हणाली. बायकांमध्ये कुणीतरी श्वास आत ओढला. "लेकराच्या पोटात गाठ न्हाई. तुमचा काढा हाय. दसऱ्यापासून तुमी त्याला ह्यो पाजून राहिले आन् भाकरीबिगर निजवून राहिले. पोट फाडायच्या आधी ही वाटी बघा."

शब्द एकही गळाला नाही. एवढी वर्षं कालवडीशी बोलून तिचा सराव चांगला झाला होता.

डॉक्टर खाली उतरले. वाटी हुंगली, घोटभर काढा तोंडात घेऊन घोळवला, तोंड वाकडं केलं. सुमनबाईनं तबक पुढं केलं. त्यांनी साखरेची चिमूट जिभेवर टाकली, आणि तिथंच थुंकले. "रेती," ते म्हणाले. पुन्हा एक चिमूट टाकली. ती पण रेतीच.

"माती लागते न्हाई?" गाडीतून संतूनं विचारलं. "मला बी लागते. आजोबा रोज देत्यात."

डॉक्टरांनी तातेरावांकडं वळून पुन्हा तेच विचारलं, बच्चा रात को क्या खाता है. तातेरावांनी फेट्याचा शेमला पुढं घेतला आणि डोळ्यांना लावला.

डॉक्टर पेटी उचलून चावडीकडं निघाले. काढा बंद करा, रात्री पोटभर खाऊ घाला, झटके थांबले तर मला बोलवू नका, एवढंच म्हणाले. एक पोर वाचणार हे कळल्यावर इतका हिरमुसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गावाचं म्हणाल तर गावानं पोराचं वाचणं फार मनावर घेतलं नाही. सून सासऱ्याशी बोलली, तेही चार माणसांत, हाच विषय पारापासून पाणवठ्यापर्यंत चालला. देवऋषीकडून निरोप आला की भूत पोरातून निघून सुनेत शिरलं आहे, अंगारा तयार आहे. त्याला उत्तर देण्यापुरतं ग्यानबानं हयातीत पहिल्यांदा तोंड उघडलं म्हणतात. काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघं-तिघंच होतो. तंबाखूसाठी नव्हे, आता काय होतं ते बघायला. दिवस मावळला तसे तातेराव उठले आणि आत गेले. ओट्यावरून मधलं अंगण आणि स्वयंपाकघराचं दार दिसतं. त्या दारापर्यंत तातेराव आजवर कधी गेले नव्हते.

संतू दारासमोर जेवायला बसला होता. तातेराव त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. ताट ओढून घेतलं, दुधात भाकर कुस्करली. दूध ताटाबाहेर सांडत होतं. मग गुळाचा खडा उचलून ते तसेच थांबले. किती घालावा हे त्यांना कळत नव्हतं. नातवाच्या ताटात गोड घालायची त्यांना भीती वाटत होती, आणि न घालायचीही.

दारामागं सुमनबाईचा पदर दिसत होता. तातेरावांनी तिकडं पाहिलं नाही. मान वळवून गोठ्याकडं बघत, पडेल आवाजात ते म्हणाले, "चांदे, एवढा गूळ बास व्हईल का गं?"

कालवड रवंथ करत होती.

"आजून घाला, मामंजी," दारामागून सुमनबाई म्हणाली.

तातेरावांनी आणखी घातला.